जुन्या कॉमिक्सची हार्डबाउंड पुनर्मुद्रणं: निवड, तपासणी आणि निगा

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुनी अमेरिकन कॉमिक्स हार्डबाउंड आवृत्त्यांत जमवायची आहेत. एकच कथा तीन-चार वेगळ्या मालिकांत मिळते. मग घ्यायची कोणती, आधीची छपाई जास्त चांगली असते का, आणि ही जड पुस्तकं सांभाळायची कशी?

सुरुवात मधल्या प्रश्नापासून करू, कारण सर्वांत जास्त पैसे तिथेच बुडतात. पुनर्मुद्रणाच्या बाबतीत ‘पहिली छपाई’ हे शब्द ऐकून हुरळून जाऊ नका. मूळ अंकाची गोष्ट वेगळी. पुनर्मुद्रणाची पहिली छपाई म्हणजे बरेचदा त्या कथेवर झालेला कच्चा हात असतो. मार्व्हल या प्रकाशकाची मास्टरवर्क्स ही हार्डबाउंड पुनर्मुद्रणांची मालिका १९८७ साली सुरू झाली, डीसी या प्रकाशकाची आर्काइव्ह एडिशन्स १९८९ साली. पान स्कॅन करून संगणकावर साफ करायची आजची सोय तेव्हा नव्हती. ज्या अंकांच्या छपाईच्या फिल्म हरवल्या किंवा खराब झाल्या होत्या, त्यांची रेषा छापील अंकावरून उचलावी लागे आणि तुटली तिथे कुणीतरी ती हाताने गिरवून काढी. गिरवणाऱ्याचा हात मूळ चित्रकाराचा नसतो, आणि ते चेहऱ्यांवर लगेच दिसतं. मास्टरवर्क्सच्या पुढच्या छपायांत यातली बरीच पानं नव्याने तयार केली गेली. तेव्हा वाचायला पुस्तक हवं असेल तर उलट अलीकडची छपाई शोधा.

छपाई ओळखायला कॉपीराइटच्या पानावर आकड्यांची ओळ बघा: १० ९ ८ ७ असे उतरते आकडे असतात. त्यात शिल्लक राहिलेला सर्वांत लहान आकडा म्हणजे छपाईचा क्रमांक. ओळ ३ वर थांबली असेल तर तिसरी छपाई. विकणाऱ्याकडून मुखपृष्ठाच्या फोटोआधी या पानाचा फोटो मागा.

आता मुद्द्याचं. कॉमिकचं पुनर्मुद्रण चांगलं की वाईट हे जवळजवळ सगळं एका गोष्टीवर ठरतं: ते कशावरून छापलं आहे. कागद, बांधणी, मुखपृष्ठ हे सगळं त्यानंतर.

सर्वांत वरचा दर्जा मूळ चित्रांचा. इसी कॉमिक्सचे प्रकाशक विल्यम गेन्स यांनी आपल्या चित्रकारांची मूळ पानं जपून ठेवली होती. त्यामुळे रस कॉक्रन यांनी पुढे पेटीबंद संचांत काढलेली इसीची कृष्णधवल ग्रंथमाला थेट त्या पानांवरून छापता आली. त्यातली रेषा आजही डोळ्यात भरते. त्याखालोखाल छपाईच्या वेळी काढलेली प्रुफं. चित्रकार हॅल फॉस्टर यांच्याकडची त्यांच्या ‘प्रिन्स व्हॅलियंट’ या वर्तमानपत्री चित्रमालिकेची रंगीत प्रुफं सिराक्यूज विद्यापीठात आहेत. फँटाग्राफिक्स या प्रकाशनसंस्थेने २००९पासून काढलेले मोठ्या आकाराचे खंड त्यांवर आधारलेले आहेत, म्हणून १९३७ सालच्या पानांतही किल्ल्याच्या भिंतीवरचा दगड न् दगड सुटा दिसतो.

प्रुफं नसतील तर वर्तमानपत्राची कात्रणं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतली ग्रंथालयं मायक्रोफिल्म करून मूळ वर्तमानपत्रं टाकून देत होती. संग्राहक बिल ब्लॅकबिअर्ड यांनी ती सॅन फ्रान्सिस्कोत गोळा केली नसती तर वर्तमानपत्रांतल्या अनेक चित्रपट्ट्यांच्या (स्ट्रिपच्या) पूर्ण आवृत्त्या निघाल्याच नसत्या. तो संग्रह आता ओहायो स्टेट विद्यापीठात आहे. मायक्रोफिल्मवरून केलेली छपाई मात्र टाळलेली बरी. ती कृष्णधवल असते, मधल्या करड्या छटा गिळते आणि बारीक जाळीचा काळा डाग करून टाकते.

शेवटी उरतो छापील कॉमिक अंक. त्यावरून रेषा काढायच्या दोन वाटा. जुनी म्हणजे पान रसायनात बुडवून रंग घालवायचे आणि फक्त काळी शाई ठेवायची. ग्रेग थिकस्टन यांच्या नावावरून तिला ‘थिकस्टनायझिंग’च म्हणतात. यात मूळ अंकाचा बळी जातो, आणि रंगाबरोबर बारीक रेषाही थोडी झिजते. नवी म्हणजे स्कॅन करून संगणकावर रंग वेगळे करायचे. ही नीट केली तर उत्तम, घाईत केली तर भयंकर.

घरबसल्या ओळखायचं कसं? दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्या आणि तीन जागा बघा. पहिली, संवादाच्या फुग्यांतली अक्षरं: इंग्रजी ए, बी, आर यांच्या पोकळ्या शाईने बुजल्या असतील तर प्रत छापील अंकावरून उतरली आहे. दुसरी, ब्रशच्या रेषेचं टोक: मूळ रेषा जाड सुरू होऊन केसासारखी निमुळती होत संपते. टोक बोथट असेल, किंवा रेषा पहिल्यापासून शेवटपर्यंत तारेसारखी एकाच जाडीची असेल, तर ती गिरवलेली आहे. तिसरी, केस आणि कपड्यांच्या चुण्यांवरच्या समांतर रेघा: त्या एकमेकींत मिसळल्या असतील तर पुस्तक खाली ठेवा. ऑनलाइन घेताना हीच तपासणी नमुना पान मोठं करून करता येते. नमुन्याला मारामारीचं दणदणीत पान बघू नका, दोन माणसं बोलत उभी आहेत असं पान बघा. दोष तिथे लपत नाहीत.

रंगांवरून वाद फार होतात. त्यामागचं कारण समजलं की निवड सोपी होते. जुन्या कॉमिकमध्ये काळ्याखेरीज तीन शाया असत: निळा, किरमिजी, पिवळा. प्रत्येकीच्या चार पायऱ्या: काहीच नाही, पाव, अर्धी, पूर्ण. चार गुणिले चार गुणिले चार म्हणजे ६४ रंग, आणि सगळा कारभार तेवढ्यात. कागद वर्तमानपत्राचा, मुळात पिवळट करडा आणि शाई पिणारा. तो रंग मारतो हे रंगकाराला ठाऊक असे, म्हणून तो मुद्दाम भडक मिश्रण निवडे. तेच आकडे जसेच्या तसे पांढऱ्याशुभ्र, चकचकीत आर्ट पेपरवर छापले की माणसांची कातडी गुलाबी प्लास्टिकची दिसते आणि आभाळ डोळ्यांत घुसतं. ही मूळ रंगकाराची चूक नव्हे, कागद बदलल्याचा परिणाम आहे. यावर प्रकाशक तीन उपाय करतात: झिलई नसलेला मॅट कागद वापरतात, रंग थोडे उतरवतात, किंवा पानं जशीच्या तशी डागांसकट स्कॅन करून छापतात. तिन्ही चालतात. चौथा प्रकार म्हणजे सपाट रंगांच्या जागी संगणकावरच्या चढउताराच्या छटा भरणं. २००६ साली सुरू झालेल्या इसी आर्काइव्हजमध्ये हे केलं आहे. इसीच्या मूळ रंगकार मारी सेव्हरिन यांची रंगसंगती आधाराला घेतली असली तरी सपाट रंगासाठी काढलेल्या रेषेवर गोलाई भरली की चित्र दोनदा छायांकित झाल्यासारखं वाटतं. काहींना आवडतं. पण मूळ कामाचं भान हवं असेल तर हा प्रकार टाळावा, कृष्णधवल परवडलं. कार्ल बार्क्स यांच्या डोनाल्ड डकसारख्या बदककथांचा १९८०च्या दशकातला ३० खंडांचा, दहा पेट्यांतला संच मुख्यतः कृष्णधवलच आहे, आणि रेषा अभ्यासायला आजही तो काढून बसावं असा आहे.

आकारही बघा. छोट्या आकाराचा खंड स्वस्त आणि हाताळायला सोपा असतो, पण मूळ पान ८५ टक्क्यांच्या खाली गेलं की अक्षरं वाचताना डोळे ताणावे लागतात. उलट मोठा आकार प्रत्येक वेळी वरदान नसतो, कारण खराब मूळ प्रत मोठी केली की दोषही मोठे होतात. मूळ चित्रांच्या आकारातल्या आर्टिस्ट्स एडिशन हा वेगळाच प्रांत आहे. आयडीडब्ल्यू या प्रकाशनसंस्थेने २०१०मध्ये डेव्ह स्टीव्हन्स यांच्या ‘रॉकेटीअर’पासून त्या सुरू केल्या. १९६७च्या सुमारापर्यंत अमेरिकन चित्रकार साधारण १२ बाय १८ इंचांवर काढत, नंतर १० बाय १५ वर. त्यामुळे त्याआधीच्या कामाची ही पुस्तकं कुठल्याच नेहमीच्या फळीवर मावत नाहीत. निळी पेन्सिल, सफेदा, चिकटवलेले फुगे असं सगळं त्यांत दिसतं. ती शिकायला घ्यावीत, पहिल्या वाचनाला नव्हे.

मालिका निवडताना खरी फसगत होते ती अंकांच्या सरमिसळीत. स्पायडर-मॅनचंच घ्या. मास्टरवर्क्सच्या पहिल्या खंडात ‘अमेझिंग फँटसी’चा १५वा अंक आणि ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चे १ ते १०. दुसऱ्यात ११ ते १९ आणि पहिला वार्षिक अंक, तिसऱ्यात २० ते ३० आणि दुसरा वार्षिक, चौथ्यात ३१ ते ४०. ऑम्निबसचा, म्हणजे बरेच अंक एकत्र बांधलेल्या जाडजूड मालिकेचा, पहिला खंड मात्र ३८व्या अंकावर संपतो, कारण मूळ चित्रकार स्टीव्ह डिट्को यांचं काम तिथे संपतं. दुसरा ३९ ते ६७. आता समजा, तुम्ही ऑम्निबसचा पहिला खंड घेतला आणि पुढे मास्टरवर्क्सकडे वळलात. ३९ आणि ४० या दोन अंकांसाठी चौथा खंड घ्यावा लागेल, आणि त्यातले दहापैकी आठ अंक तुमच्याकडे आधीच असतील. ते दोन सोडूनही चालत नाही, ग्रीन गॉब्लिन कोण हे त्यांतच उघड होतं. म्हणून एका शीर्षकापुरती एकच मालिका धरा. बदलायचीच असेल तर दोन्हींच्या सीमा जुळतात अशा अंकावर बदला.

खंडांच्या क्रमांकांवरही आंधळा विश्वास नको. मास्टरवर्क्सच्या क्रमांक घातलेल्या वेष्टणांवर (पुठ्ठ्यावरच्या सुट्या कागदी आवरणांवर) सगळ्या शीर्षकांचा मिळून एकच क्रम चालतो: १ स्पायडर-मॅन, २ फँटॅस्टिक फोर, ३ एक्स-मेन. फँटाग्राफिक्सची बार्क्स ग्रंथमाला २०११मध्ये सुरू झाली ती सातव्या खंडापासून, कारण क्रमांक कथांच्या काळानुसार आहेत, प्रकाशनानुसार नाहीत. आणि मालिका अर्धवट सोडून देणं ही या धंद्याची जुनी खोड आहे. डीसीची आर्काइव्ह एडिशन्स २०१४मध्ये थांबली तेव्हा कित्येक शीर्षकं मधेच लटकली. त्या मानाने ‘द कम्प्लीट पीनट्स’ हे आदर्श काम: २००४ ते २०१६, २६ खंड, शेवटपर्यंत एकच मांडणी. एकच लक्षात ठेवा, त्यात रविवारच्या स्ट्रिप कृष्णधवल आहेत. रंगीत हव्या असतील तर ‘पीनट्स एव्हरी संडे’ ही वेगळी मालिका आहे.

परवान्यावरच्या पात्रांबाबत घाई करावी लागते. ‘कोनन द बार्बेरियन’ १९७०मध्ये मार्व्हलने सुरू केलं. पुढे हक्क डार्क हॉर्सकडे गेले, २०१९मध्ये मार्व्हलकडे परतले आणि मग टायटनकडे गेले. हक्क गेले की प्रकाशकाला शिल्लक खंडाची पुढची छपाई काढता येत नाही. अशा मालिकेचे खंड निघतील तसे घ्यावेत. ज्या पात्राचे हक्क प्रकाशकाच्या घरचेच आहेत, त्याच्या आऊट ऑफ प्रिंट खंडाला मात्र तिप्पट किंमत मोजण्यात अर्थ नाही. नवी छपाई जाहीर झाली की तो भाव बसतो.

बांधणीकडे वळू. आठशे-हजार पानांच्या ऑम्निबसला जुजबंदी म्हणजे दोऱ्याची शिलाई हवीच. नुसत्या गोंदाने चिकटवलेला जाड खंड सपाट उघडत नाही आणि दुपानी चित्राचा मधला पट्टा खाचेत जातो. जोर लावून उघडला तर कण्यातला गोंद कडकन तुटतो, आणि त्या जागेपासून पानं सुटायला लागतात. तपासायची रीत: पुस्तक उभं धरून वरच्या टोकाला, शिरपट्टीच्या (कण्याच्या टोकाला लावलेल्या कापडी पट्टीच्या) मागे बघा. फॉर्मे, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, वेगवेगळे दिसले तर आशेला जागा आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. घड्यांना खाचा पाडून त्यांत नुसता गोंद भरलेली बांधणीही वरून अशीच दिसते. एका फॉर्म्याच्या बरोब्बर मध्यावर उघडा. फॉर्मा १६ पानांचा असेल तर तो मध्य ८ आणि ९ या पानांच्या मधे येतो, ३२चा असेल तर १६ आणि १७च्या मधे. तिथे पांढऱ्या दोऱ्याचे लांब टाके दिसले तर शिलाई आहे. दिसले नाहीत तर नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

नवं पुस्तक आलं की प्लॅस्टिक फोडा. ‘सीलबंद’ ठेवण्याच्या हौसेपायी लोक वर्षभराने पुस्तक उघडतात, मग कळतं की एक फॉर्मा दोनदा आला आहे आणि दुसरा आलाच नाही. तोवर बदलून घ्यायची मुदत संपलेली असते. शिवाय ताणून बसलेलं प्लॅस्टिक पुठ्ठ्यांना वाक आणतं. उघडल्यावर प्रत्येक पानाचा क्रमांक बघा, उलटा बसलेला फॉर्मा, कोरं पान, रंग सरकलेलं पान आहे का बघा. हजार पानांना वीस मिनिटं लागतात.

कणा सैल करायची पद्धत जुनीच आहे. पुस्तक कण्यावर उभं ठेवा, दोन्ही पुठ्ठे टेबलावर टेकवा. मग पुढून वीसेक पानं, मागून वीसेक पानं, अशी आलटून पालटून खाली दाबत मध्यापर्यंत या. पहिल्यांदाच मधोमध उघडू नका, सगळा ताण एका जागी येतो.

जुनं पुस्तक दुरून मागवताना फोटो मागा: चारही कोपरे, कण्याची दोन्ही टोकं, पानांच्या तिन्ही कडा, पुठ्ठा आणि पानं यांचा आतला सांधा. खालच्या कडेवर काळ्या मार्करची रेघ असेल तर तो शिल्लक माल स्वस्तात काढल्याची खूण आहे. वाचायला काही बिघडत नाही, फक्त भाव त्याप्रमाणे हवा. ग्रंथालयातून काढलेली प्रत शिक्के आणि पुठ्ठ्याला चिकटवलेलं वेष्टण घेऊन येते, ते सुटत नाही. सगळ्यात नेहमीची इजा मात्र वाटेत होते: कोपरा चेपतो. विकणाऱ्याला आधीच लिहा की पुस्तकाला आधी साधा कागद, मग बबल-रॅप, आणि खोक्यात सहाही बाजूंना निदान ५ सेंटीमीटर भराव. बबलचे फुगे थेट चकचकीत वेष्टणाला टेकले तर त्यांचे गोल ठसे उमटतात.

वेष्टणाला पारदर्शक आवरण घाला, पण ते पॉलिएस्टरचं असावं, ५० मायक्रॉनचं पुरतं. पीव्हीसी नको, काही वर्षांत ते चिकट होतं आणि शाई ओढतं. चिकटपट्टी आवरणाला लावली तर चालेल, वेष्टणाला किंवा पुठ्ठ्याला कधीही नाही.

फळीचा हिशेब लोक करत नाहीत. हजार पानांचा मोठा ऑम्निबस साधारण ३ किलोचा आणि ६ सेंटीमीटर जाड. ९० सेंटीमीटरच्या फळीवर १५ बसतात, म्हणजे ४५ किलो. १८ मिलिमीटरची पार्टिकल बोर्डाची फळी हे वजन पेलत नाही, मधे झोळ येतो. दोन आधारांतलं अंतर ६० सेंटीमीटरच्या आत ठेवा किंवा २५ मिलिमीटरचं प्लायवूड घ्या.

उभ्या ठेवलेल्या जाड पुस्तकात आणखी एक गोष्ट हळूहळू घडते. पुठ्ठे पानांपेक्षा तीनेक मिलिमीटर बाहेर असतात, त्यामुळे पानांचा गठ्ठा अधांतरी लटकतो आणि स्वतःच्या वजनाने कण्यापासून खाली ओढला जातो. पुस्तक तिरकं झुकलं की हे दुप्पट वेगाने होतं. उपाय बिनखर्चाचा आहे. आम्लविरहित पुठ्ठ्याची, त्या फटीएवढ्या जाडीची पट्टी कापून दोन पुठ्ठ्यांच्या मधे, पानांच्या खाली सरकवा. डिंक लावायचा नाही, नुसती सरकवायची. फारच जड खंड आडवे ठेवा, पण एकावर एक तीनपेक्षा जास्त नकोत. शेजारच्या पुस्तकांत बोट जाईल एवढीच सैल जागा असावी. बाहेर काढताना कण्याच्या वरच्या टोकाला धरून ओढू नका, शेजारची दोन पुस्तकं आत ढकला आणि मधलं अंगाला धरून घ्या. पेटीतला खंड अडकत असेल तर पेटी तिरपी करून पुस्तक आपल्या वजनाने सरकू द्या.

ऊन टाळा, कण्यावरचा लाल आणि पिवळा सगळ्यात आधी उडतो. हवेतली आर्द्रता ४० ते ५५ टक्क्यांत राहील असं बघा, ६५च्या वर बुरशी धरते आणि कसरही येते. दहाएक डॉलरच्या आर्द्रतामापकाने काम भागतं. फळी भिंतीला चिकटवू नका, मागे हवा खेळायला चार-पाच सेंटीमीटर सोडा.

पाणी पडलं तर मात्र मिनिटं मोजायची असतात. मॅट कागद वाळतो, वाकडा होतो, पण वाचता येतो. आर्ट पेपरवर चिनी मातीचा लेप असतो. ओला झाल्यावर तो सुटतो, आणि पुस्तक मिटलेलं वाळलं तर पानं एकमेकांना अशी चिकटतात की नंतर कुणीही सोडवू शकत नाही. कडांपुरतं भिजलं असेल तर लगेच भिजलेल्या प्रत्येक पानामध्ये टिपकागद घाला, पंख्याखाली उभं उघडं ठेवा आणि कागद तासा-तासाला बदला. आतपर्यंत भिजलं असेल तर उघडायचा प्रयत्नच करू नका. मेणकागदात सैल गुंडाळा, पिशवीत घाला, कणा खाली करून फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेलं पुस्तक कित्येक आठवडे तसंच थांबू शकतं, तेवढ्यात कागदाच्या डागडुजीचं काम जाणणारा माणूस शोधता येतो.